बार्बाडोसच्या घराची खोड

धाडच्या बाजारात जानरावला सोबत न घेता बैल घ्यायला जाणं म्हणजे वरात काढावी आणि नवरदेवच घरी विसरावा. जानरावच्या स्वतःच्या दारात बैल नव्हता, वावरही नव्हतं. पण दुसऱ्याच्या बैलाचे दात पाहण्यात त्याची सगळी हयात गेली होती. लोक त्याला चहा पाजून, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून न्यायचे.

त्याचा नियम एकच. जे जनावर मनात भरलं, त्याला तोंड भरून नावं ठेवायची. "हा बैल हाय का बोकड? मांगून त पाहा, म्हातारी चालली वाटते दवाखान्यात." असं म्हणत खोडी काढायच्या आणि पाठ फिरवून चालू लागायचं. चहाच्या टपरीपर्यंत पोचायच्या आत मागून आवाज यायचा, "ओ जानरावभाऊ, थांबा ना बाप्पा!" तो आवाज आला की सौदा झाला. उलट, जे जनावर नको असेल त्याची मात्र भरपूर तारीफ. "राजा हाय राजा! आम्ही गरीब माणसं, आम्हाले कुठी झेपते?" म्हणायचं आणि सटकायचं.

ही बाजाराची सवय घरात कधी शिरली ते त्यालाही कळलं नाही. चांगुणाला पाहायला गेला तेव्हा पोहे खाऊन "उंचीले कमी हाय" म्हणाला आणि उठला. सासरा एसटी स्टँडापर्यंत मागे धावत आला. लग्न झालं, तीस-पस्तीस वर्षं संसार झाला, पण त्या एका वाक्याचे पैसे चांगुणा अजून वसूल करत होती. आणि पोरगी समता नर्सिंगला पहिली आली, पेढे घेऊन घरी आली, तेव्हा बाप म्हणाला, "बाकीच्या पोट्ट्या कमजोर असतीन." मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत बसला. पण ते समतानं पाहिलं नाही.

ही समता आता बार्बाडोसला नर्स होती. गावाच्या हिशेबानं ती 'वेस्ट इंडीजले' होती, आणि कोणत्याही मॅचला लोक जानरावलाच विचारायचे, "काय हो, तिकडं पिच कशी हाय?"

तिला एकच अडचण आली. नव्या नर्सेसना दवाखान्याची खोली सुरुवातीपुरतीच मिळायची. महिनाअखेर ती खाली करून स्वतःची जागा पाहणं भाग होतं. परका मुलुख, एकटी पोरगी, रात्रपाळीची नोकरी. जागा बिनधोक पाहिजे आणि पगारात बसली पाहिजे.

"घर मी पाह्यतो," जानरावनं फोनवर जाहीर केलं.

"बाबा, तुमी धाडात बसून?"

"कोरोनात बाजार बंद होता, तवा म्या फोनवर बैलं पाह्यले का नाही? बैल त हालते तरी. घर एका जागी उभं राह्यते."

मग अंगणात बैठक बसली. जानराव, चांगुणा, त्याचा जिगरी दोस्त इंद्रभान, आणि इंद्रभानचा पोरगा हरिओम. इंद्रभान भाजीपाला पिकवायचा, हरिओम चौकात इंग्रजी बोलायचे क्लास चालवायचा. त्याच्या पाटीवर 'फाडफाड' हा शब्द होता, आणि इंग्रजी ऐकून समोरच्याचं काहीतरी फाटायचंही. फोन मोठा त्याचाच, म्हणून तो होता. धाडला संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ व्हायची, त्यामुळे वेळ सगळ्यांनाच बरी जमली.

समता जागेवर जाऊन व्हिडिओ कॉल लावायची. पहिली जागा समुद्राच्या काठावर होती. खिडकीतून पाणीच पाणी.

"एवढं पाणी, अन् नळाले मीटर?" चांगुणानं विचारलं.

भाडं ऐकून इंद्रभानला ठसका लागला. अर्ध्याच्या वर पगार त्यातच जाणार होता. जानरावनं नियमाप्रमाणे हात जोडले. "साहेब, महाल हाय महाल! असं घर जन्मात नाही पाह्यलं." हरिओमनं ते इंग्रजीत केलं. दलाल इतका खूश झाला की त्या दिवसापासून तो समताला सकाळ-दुपार-संध्याकाळ औषधासारखा फोन करू लागला.

दुसरी जागा स्वस्त होती. पण गल्लीतले दिवे फुटलेले, दाराचं कुलूप कोणीतरी आधीच एकदा उचकटलेलं, आणि पाऊस आला की गटार घरात मुक्कामाला यायचं. समता फोन हातात धरून गल्ली दाखवत होती, तर शेजारची बाई खिडकीतून म्हणाली, पोरी, तो फोन आत ठेव. जानरावचा चेहरा उतरला. तरी सवय ती सवय. "लय उत्तम जागा," तो मालकाला म्हणाला, "शांतता किती हाय!" झालं. दुसरा मालकही समताच्या मागे लागला.

"बाबा, नको त्या घराची तारीफ करनं बंद करा," समता म्हणाली. "दोघंही मले सोडून नाही राह्यले."

तिसरी जागा युडोराबाईंची.

फिक्कट पिवळं लाकडी घर, पुढे ओसरी, ओसरीत झुलती खुर्ची. मागच्या बाजूला दोन खोल्या, दार वेगळं. समोरच बसथांबा. रात्रपाळी करून उतरलं की दहा पावलांवर दार. शेजारच्या म्हाताऱ्या ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर अशी नजर ठेवायच्या, की चोरानंही आधी नमस्कार करून पुढे जावं. समताच्या दवाखान्यातली एक नर्स त्याच रस्त्यावर राहायची. वादळात उडू नये म्हणून छताला लोखंडी पट्ट्या मारलेल्या. आणि भाडं तिच्या पगाराच्या मानानं अगदी नेमकं.

जानरावनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. इंद्रभाननं ते पाहिलं आणि चांगुणाला कोपरानं खुणावलं. जानरावला बैल पसंत पडला की तो असंच करायचा.

युडोराबाई सत्तरीच्या, उंच, ताठ, गळ्यात मोत्यांची माळ. फोनमध्ये पाहून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग."

"जय भीम," जानराव म्हणाला आणि धंद्याला लागला. "समता, भिंतीवर ठोक पाहू."

समतानं ठोकलं.

"लाकूड हाय. वाळवी लागेल असन. अन् खाली दाखव. पाया कुठी हाय?"

समतानं फोन खाली नेला. घर मोठमोठ्या दगडांवर नुसतं टेकवलेलं होतं. खाली मोकळी हवा, आणि त्या हवेत एक कोंबडी.

"बाबा, हे बाई काय सांगते ते ऐका," समता म्हणाली. तिचा आवाज जरा हळू झाला. "तिच्या आज्याजवळ स्वतःची जमीन नोती. मळेवाल्याच्या जागेवर राहायचे. मालक म्हणे, निघा, की आजा फळ्या सुट्या करायचा, गाडीवर लादायचा अन् दुसरीकडं घर उभं करायचा. म्हणून पाया नाही. हे घर असं तीनदा फिरलं. ही भिंत अजून आज्याच्या हातची हाय. मंग तिच्या बापानं ही जागा घेतली तवा कुठी घर थांबलं."

आपली नसलेली जागा आणि 'निघा' हा शब्द जानरावला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या आज्यानं गावाच्या कडेला उभ्या केलेल्या कुडाच्या भिंतीही अशाच दोनदा उठवल्या गेल्या होत्या. ते घर त्याला इतकं आवडलं, इतकं आवडलं, की आता फार मोठी खोड काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"म्हणजे बिनपायाचं खोकं हाय," तो म्हणाला.

समतानं ओठ मिटले. ती हे भाषांतर करणार नव्हती. पण हरिओमला वाटलं, पोरीला शब्द सुचला नाही. त्यानं घसा खाकरला आणि खोकं, बिनपाया, वाळवी, सगळं खणखणीत इंग्रजीत घातलं. एकही शब्द सांडू दिला नाही. क्लासमध्ये इतकं स्वच्छ तो कधी बोलला नव्हता.

"अन् बाईचं वय झालं," जानराव रंगात आला. "उद्या अंथरुन धरलं त आमच्या पोट्टीलेच उचला लागन. त्याचं भाडं उलट आमाले भेटलं पाह्यजे."

"हरिओम, थांब रे!" समता ओरडली. पण हरिओम 'उचला लागन' पर्यंत पोचला होता. हातानं उचलूनही दाखवत होता.

"आता पाठ फिरव, समता," जानराव हळूच म्हणाला. "रस्त्याकडं चाल. मांगून आवाज येईन."

मागून आवाज आला. दार लावल्याचा.

"येईन, येईन," जानराव म्हणाला. "टपरीपर्यंत जाऊ दे."

"बाबा, अठी टपरी नाही!"

सगळे थांबले. चहा झाला. दुसरा चहा झाला. त्या रात्री निरोप नाही, सकाळी नाही. मग समताचा फोन आला. युडोराबाईंनी कळवलं होतं की ज्यांना माझ्या आजोबांचं घर खोकं वाटतं, त्यांनी दुसरं खोकं पाहावं.

"बाबा, हा बैलबाजार नोय," समता म्हणाली. ती रडत नव्हती, आणि त्याचाच जानरावला जास्त धाक वाटला. "महाग जागा मले झेपत नाही. आता ती गल्लीतलीच घ्या लागते. सोमवारी मी पैसे देऊन टाकतो."

फोन बंद झाला. चांगुणा भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही, पण आवाज वाढला.

"पाठ फिरवाले लावते म्हणे! माहा बाप तुमच्या मांगं काऊन धावला, माहीत हाय? त्याच्या घरी चार पोरी होत्या उजवाच्या. त्याले घोर होता. त्या बाईले कोणता घोर हाय? घर तिचं, ओसरी तिची, खुर्ची तिची. ती कायले धावन तुमच्या मांगं?"

"पण बाजारात…"

"बाजारात मुके जनावरं असतेत. त्याइले समजत नाही म्हणून खपून गेलं तुमचं!"

ते फुटलेले दिवे आणि उचकटलेलं कुलूप जानरावच्या डोळ्यांपुढून हलेना. भाकरी तशीच ठेवून तो इंद्रभानच्या वावरात गेला.

"माफी मांग," इंद्रभान वांगी तोडता तोडता म्हणाला.

"माफी मांगतो. पण तिच्या घराले चांगलं म्हना लागन ना. ते मह्या तोंडून निघत नाही बे. नको असन तर निघते, हवं असन तर जीभच उलटते."

"मंग प्रॅक्टिस कर." इंद्रभाननं एक वांगं त्याच्या हातात दिलं. जांभळं, तुकतुकीत, देठावर काटे. "हे घे. तारीफ कर."

जानरावनं वांगं फिरवून पाहिलं. खालून पाहिलं. दात असते तर तेही पाहिले असते.

"कीड नाही लागेल."

"ही काय तारीफ हाय?"

"बरं हाय."

"बरं नाही, झकास म्हण!"

"या भावात… बरं हाय."

"भाव कोणं इचारला तुले? मीच तुले फुकट देऊन राह्यलो!"

जानरावनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि कसाबसा म्हणाला, "वांगं… देखणं हाय." मग दचकून आजूबाजूला पाहिलं. बाजारातल्या कोणी ऐकलं असतं तर धंदा बसला असता.

इंद्रभाननं त्याला मग भोपळ्याची तारीफ करायला लावली, मोटारपंपाची करायला लावली, आणि हावरेपणानं स्वतःचीही करून घेतली. घरी जाताना जानराव घामाघूम झाला होता.

तिकडे समतानं युडोराबाईंच्या ओसरीसमोर दोन चकरा मारून, एकदा फक्त ऐकून घ्या म्हणून विनवणी केली. बाई म्हणाल्या, शनिवारी सकाळी. आणि तो उचलून दाखवणारा मुलगा नको.

शनिवारी धाडला संध्याकाळ झाली तशी हरिओमला इंद्रभाननं मिरचीला पाणी द्यायला पाठवलं. फोन मात्र ठेवून घेतला.

पडद्यावर युडोराबाई झुलत्या खुर्चीत बसल्या होत्या, पण खुर्ची झुलत नव्हती. शेजारी समता उभी. इकडे जानराव इस्तरीचा सदरा घालून बसला होता. मागे चांगुणा, हातात लाटणं. ते पोळ्यांसाठीच होतं, पण कोणाला तसं वाटलं नाही.

"बाई," जानरावनं सुरुवात केली, "तुमचं घर… अजून पडलं नाही."

समतानं हे इंग्रजीत केलं नाही. "बाबा," ती दातांतून म्हणाली.

"म्हणजे… कीड नाही लागेल."

इंद्रभाननं कपाळावर हात मारला.

जानरावनं टोपी काढून मांडीवर ठेवली. वांगं, भोपळा, पंप, सगळं डोक्यातून निघून गेलं.

"पाहा बाई," तो म्हणाला, "मले चांगलं बोलता येत नाही. मी बैलाच्या बाजारातला माणूस. आमच्यात जे आवडते त्यालेच नावं ठेवतेत. जास्त आवडलं, जास्त नावं. तुमच्या घराले म्या जेवढे नावं ठेवले, तेवढे अख्ख्या जिंदगीत कोण्या जनावराले नाही ठेवले. आता तुमीच समजून घ्या. तुमच्या आज्याची भिंत पाह्यली तवा मले माहा आजा दिसला. तवा मी चूप बसाले पाह्यजे होतं. म्या खोकं म्हटलं. चुकलो."

समता हे सांगताना दोनदा थांबली. युडोराबाई ऐकत होत्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग त्या काहीतरी म्हणाल्या.

"बाई म्हणते," समता सांगू लागली, "तुमी घर पाह्यलं. आता मी भाडेकरी पाह्यतो. ही पोरगी कशी हाय ते तिच्या बापानं सांगावं. अन् बाजाराच्या भाषेत नको, साध्या भाषेत."

जानरावनं चांगुणाकडे पाहिलं. लाटण्यानं मान हलवली.

"सकाळी लवकर उठत नाही," जानराव म्हणाला.

"बाबा!"

"थांब. सांगतो." त्यानं फोनकडे न पाहता जमिनीकडे पाहिलं. "लहान होती तवा आमच्या घरी लाइट नोती. शेजारच्या दुकानाच्या बल्बाखाली बसून अभ्यास करे. दुकान बंद झालं की दुकानदाराले म्हणे, काका, बल्ब राहू द्या, मी तुमचं दुकान राखतो. माही माय शेवटच्या दुखण्यात कोणाले हात लावू देत नोती, हिलेच लावू दे. हिचा हात लागला की माय झोपे. या गावातून एवढ्या दूर कोणी गेलं नाही, बाई. ही गेली. अन् मी रोज ज्याले त्याले सांगतो, पिच चांगली हाय, पिच चांगली हाय. मले काय घेनं पिचशी? मले सांगाचं असते, माही पोट्टी तठी हाय." त्यानं मांडीवरची टोपी सरळ केली. "लय गुणाची हाय. लय."

पडद्यावरून भाषांतर आलं नाही. समतानं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. युडोराबाईंनी थोडी वाट पाहिली, मग नुसता हात वर केला. राहू दे, असा.

त्यांनी खुर्ची झुलवायला सुरुवात केली. समताकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाक उडवलं. दंडाला दोन बोटांनी चाचपलं. मग फोनकडे पाहून भराभर बोलू लागल्या. आवाज चढा, भुवई वर, एका हातानं मापं दाखवत.

चांगुणा घाबरली. "काय म्हणते व? चिडली काय?"

समता नाक पुसत म्हणाली, "बाई म्हणते… ही पोरगी हाय का झाडूची काडी? हिचे हात पाहा. चालते त पोलिसासारखी. पहिल्या वादळात उडून जाईन. अन् हसते किती मोठ्यानं! असा माल…"

जानराव ताडकन उभा राहिला. टोपी मांडीवरून खाली पडली.

"खोडी काढून राह्यली!" तो ओरडला. "इंद्रभान, बाई खोडी काढून राह्यली बे! पसंत हाय! सौदा झाला!"

इंद्रभाननं शिट्टी मारली. पलीकडे युडोराबाई खुर्ची झुलवत इतक्या हसल्या की मोत्यांची माळ उड्या मारू लागली. शेजारच्या म्हाताऱ्या काय झालं म्हणून आपापल्या ओसरीतून वाकल्या. भाडं बाईंनी सांगितलं तेच ठरलं. जानरावनं एकदा तोंड उघडलं होतं, पण मागून लाटणं जरा पुढे आलं आणि ते पुन्हा मिटलं.

"थांबा," समता म्हणाली. "बाई म्हणते, माहं घर समद्यायनं पाह्यलं. आता तुमचं दाखवा."

चांगुणानं फोन उचलला. आधी चूल दाखवली, मग भांड्यांची मांडणी, मग माठ. युडोराबाई प्रत्येक गोष्टीवर काहीतरी ठसक्यात बोलायच्या. चूल फार खाली हाय. माठाले झाकण वाकडं. जानराव एकेका खोडीला फुलत होता. आपल्या घरात इतकं काही आवडण्यासारखं आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

मग फोन वर गेला. टिनाचं छप्पर, आणि ते वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड.

युडोराबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळू बोलल्या. या वेळी ठसका नव्हता.

"बाई म्हणते," समता हसू दाबत म्हणाली, "माह्या घराच्या खाली दगड, तुमच्या घराच्या वर दगड. बिनपायाचं खोकं नेमकं कोणाचं?"

इंद्रभान खाटेवर आडवा झाला. चांगुणानं पदर तोंडाला लावला. जानरावही हसला.

"अन् म्हणते," समता पुढे म्हणाली, "ही चेष्टा नाही. आमी वादळाची माणसं. दगडानं छप्पर थांबत नाही, दगडच डोक्यात पडते. पट्ट्या मारून घ्या. ही पोरगी अठी झोपली असन अन् तिचा जीव तुमच्या छपराखाली असन, तर मले कायचा भाडेकरी भेटला?"

जानराव मान वर करून पाहत राहिला. बैलाची खोड लांबून ओळखणारा माणूस, पण रोज ज्याच्याखाली झोपतो ते त्यानं कधी असं पाहिलं नव्हतं.

"खरंच उडन व," तो चांगुणाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडीवर होता. इंद्रभान खालून पट्ट्या देत होता, हरिओम फोन धरून होता. आणि हजारो कोसांवर रात्रीच्या गाऊनमध्ये जागी असलेली एक म्हातारी, खिळा कुठे मारायचा यावरून धाडच्या जानरावला शिव्या देत होती. हरिओम त्या शिव्या एकही शब्द न सांडता मराठीत घालत होता. या वेळी त्याला कोणी थांबवलं नाही.